गाव फडावर गेल्यावर

19 नोव्हेंबर हा जागतिक शौचालय दिन. सिंगापूरच्या जॅक सिम यांनी 2001 साली याच तारखेला जागतिक शौचालय संघटना स्थापन केली आणि 2013 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी या दिवसाला मान्यता दिली. बीड जिल्ह्यातल्या महाविद्यालयांतही त्या दिवशी फेऱ्या निघतात. मुलं फलक रंगवतात, घोषणा देत दत्तक गावातून फिरतात. पण ते गाव धारूर, वडवणी, पाटोदा किंवा शिरूर कासारकडचं, बालाघाटाच्या डोंगरातलं असलं, तर घोषणा ऐकायला गावात फारसं कुणी नसतं. दसरा झाला की ट्रक-ट्रॅक्टर भरायला लागतात. दिवाळीच्या मागंपुढं कोयतेवाली माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रातल्या, नाहीतर कर्नाटकातल्या फडांवर पोचलेली असतात. जिल्ह्यातून दरवर्षी अशी काही लाख माणसं बाहेर पडतात. मागं राहतात म्हातारे, त्यांच्या भरवशावर ठेवलेली नातवंडं आणि कुलपं लावलेली दारं. त्या दारांत आता संडासांचीही दारं आहेत.

बीडमधल्या एका महाविद्यालयातल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींना ही कुलपं समजायला काही वर्षं लागली. त्यांचे कार्यक्रम अधिकारी भूगोल शिकवतात. मुलं त्यांना नुसतं ‘सर’ म्हणतात, म्हणून इथंही तेच.

राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात. तेव्हा 37 विद्यापीठं आणि 40 हजार विद्यार्थी तिच्यात होते. दोन वर्षांत 240 तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर, हा तिचा शिरस्ता. 1973 साली, महाराष्ट्र दुष्काळात होरपळत असताना, देशभरच्या शिबिरांचा विषय होता ‘दुष्काळाविरुद्ध युवक’. त्याच्या पाठोपाठचा विषय ‘घाण आणि रोगराईविरुद्ध युवक’. म्हणजे बीडच्या मुलांनी हाती घेतलेलं काम नवं नव्हतं. नवा होता तो पैसा. 2014 च्या 2 ऑक्टोबरला स्वच्छ भारत मिशन सुरू झालं आणि ग्रामीण कुटुंबाला संडासासाठी 12 हजार रुपये मिळू लागले.

मुलांनी काम धरलं ते 2016 च्या पावसाळ्यात. त्या उन्हाळ्यात केज तालुक्यातल्या धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि लातूरकरांना मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. डोंगरातल्या वाड्या-तांड्यांवर तर महिनोन्‌महिने टँकर. अशा गावात जाऊन ‘संडास बांधा’ म्हणायचं, तर पहिला सवाल ठरलेला. ओट्यावर बसलेल्या एका आजीनं तो विचारलाच. “प्यायला घागर मिळंना, अन्‌ तिकडं बादली ओतू का माय?”

या सवालाला घोषणा पुरत नाही, हिशोब लागतो. सरांनी मुलांना तो करायला लावला. दुकानात सर्रास मिळणारं पसरट भांडं एका वेळेला आठ-दहा लिटर पाणी मागतं. खोल उताराचं ग्रामीण भांडं दीड-दोन लिटरमध्ये साफ होतं. पाच माणसांच्या घरात दिवसाला पंधरा-वीस लिटर, म्हणजे एखादी घागर-दीड घागर. टँकरच्या गावात तीही फुकट नसते, पण तांब्या घेऊन ओढ्याकडे जाणारी माणसं तेवढं पाणी नेतातच. आजीला हे पटायला तिच्या नातीनं अंगणात तांब्यानं मोजून दाखवावं लागलं. त्यानंतर मुलांनी गावात वाटायच्या पत्रकावरचं सगळं वाङ्मय काढून टाकलं आणि फक्त भांड्याचं चित्र आणि पाण्याचा आकडा ठेवला.

पुढचा अडसर पैशांचाच, पण वेगळ्या तऱ्हेचा. 12 हजार मिळतात ते संडास बांधून झाल्यावर, फोटो वर चढवल्यावर. आधी खर्च घरातून. आणि ऊसतोडीच्या घरात हातात रोकड असते ती टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते तेव्हा, म्हणजे गाव सोडण्याच्या तोंडावर. त्या उचलीतून आधी जुनं देणं, मग दवाखाना, किराणा, लेकीचं लग्न. खड्ड्याला पैसे उरत नाहीत. जून ते सप्टेंबर माणसं गावात असतात, तर खिसा रिकामा. ऑक्टोबरात खिसा भरतो, तर माणसं निघालेली. योजनेच्या कागदावर ही अडचण कुठंच दिसत नाही, कारण कागदाला हंगाम नसतो.

म्हणून मुलांनी वर्गणी गोळा करायची ठरवली, पण दान म्हणून वाटायला नाही. फिरता निधी करायचा. गावातल्या बचत गटाच्या हवाली करायचा, गटानं घराला सिमेंट-पाइप-भांडं घेऊन द्यायचं आणि सरकारी रक्कम खात्यावर आली की त्या घरानं पैसे परत करायचे. मग तेच पैसे पुढच्या घराला. ही कल्पना सरांची नव्हती, वाणिज्य शाखेच्या एका मुलाची होती. त्याच्या आईच्या गटात शेळ्यांसाठी असाच पैसा फिरत होता.

बीडच्या मोंढ्यात आणि सुभाष रोडवर मुलं दुकानोदुकानी गेली. गणपतीची वर्गणी मागणारी पोरं व्यापाऱ्यांना सवयीची. संडासाची वर्गणी मागणारी पहिल्यांदाच आली होती. मुलांना स्वतःलाच तो शब्द उच्चारायला जड जात होता. कुणी ‘स्वच्छता निधी’ म्हणायचं, कुणी ‘ग्रामविकास’. एका घाऊक सिमेंटवाल्यानं विचारलं, “शाळेला मागा, मंदिराला मागा, देतो. ह्याला कुणी वर्गणी मागतं का?”

टोळक्यात मागं उभी असलेली धारूरकडची एक मुलगी पुढं आली. तिचे आईवडील दोघं मिळून एक कोयता. ऊसतोडीच्या हिशोबात नवरा-बायको ही जोडीच एक कोयता म्हणून धरतात. ती म्हणाली, “काका, मंदिर आहे आमच्या गावात. माझी आई दुपारी पाणी पीत नाही. अंधार पडायच्या आत जायला लागू नये म्हणून.”

दुकानदार काही क्षण गप्प राहिला. रोकड त्यानं दिली नाही. सिमेंटची पोती उधारीवर दिली, व्याज न लावता, आणि शेजारच्या पाइपवाल्याला स्वतः जाऊन सांगितलं. पुढं बराचसा पाठिंबा असाच आला. कुणी जाळीच्या विटा दिल्या, कुणी टेम्पो एका खेपेला दिला. एका गवंड्यानं दिवसभर येऊन मुलांना वाय चेंबर बांधायला शिकवलं. त्या मुलीनं नंतर दुकानांत ‘संडास’ हाच शब्द वापरायचा असा नियम केला आणि तो सगळ्यांनी पाळला.

शिबिरातलं काम टिकाव-फावड्याचं. दोन शोषखड्ड्यांचा संडास कागदावर सोपा असतो. साधारण तीन फूट व्यासाचे दोन खड्डे, दोघांत किमान एक मीटर अंतर, आत जाळीची वीट, मध्ये चेंबर. एक खड्डा भरला की चेंबरमधली वाट बंद करून मैला दुसऱ्यात सोडायचा. पहिला वर्ष-दीड वर्ष झाकून ठेवला की आतलं सगळं मातीसारखं खत होतं. बीडमध्ये मात्र जमीन दर फर्लांगाला बदलते. डोंगराकडे हात-दीड हातावर मुरूम आणि खाली काळा कातळ. तिथं पहारीनं ठिणग्या उडतात आणि मुलांच्या तळहातांना पहिल्याच दिवशी फोड येतात. गोदाकाठी गेवराई-माजलगावकडे खोल काळी माती. ती पाणी लवकर शोषत नाही, म्हणून विटांच्या भोवती वाळूचा जाड थर भरावा लागतो. भूगोलाच्या पुस्तकातला ‘काळी मृदा’ हा धडा मुलांना खड्ड्यात उतरल्यावर कळला, असं सर सांगतात आणि ते सांगताना त्यांना मनापासून आनंद होतो.

खड्ड्याबद्दल गावाला मात्र शंका होती. एवढासा खड्डा वर्षात भरेल, मग तो उपसायचा कुणी? या प्रश्नात जात दडलेली आहे, हे कुणी बोललं नाही तरी सगळ्यांना ठाऊक होतं. पैसेवाली माणसं म्हणूनच खोलीएवढी टाकी बांधतात, म्हणजे उपसायची पाळी आपल्या हयातीत येत नाही. हातानं मैला साफ करून घेण्यावर 2013 च्या कायद्यानं बंदी आणली, पण ‘ते काम त्यांचं’ ही समजूत कायद्यानं जात नाही. कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी आयुष्य घालवलं ते याच गाठीवर. 2017 च्या फेब्रुवारीत तेलंगणातल्या वरंगळजवळ गंगादेवीपल्लीत केंद्राचे स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर आणि वेगवेगळ्या राज्यांचे अधिकारी स्वतः खड्ड्यात उतरून खत उपसताना साऱ्या देशानं पाहिले.

सरांनी ती बातमी वर्गात वाचून दाखवली आणि शेजारच्या गावातला जुना, झाकून ठेवलेला एक शोषखड्डा उघडायचा दिवस ठरवला. गावकरी नाकाला रुमाल लावून लांब उभे होते. झाकण सरकलं. आत काळसर, भुसभुशीत, चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी होतं. सर उतरले, ओंजळ भरून वर धरली. वास मातीचा. मग मुलं उतरली. सगळ्या जातींची, एकापाठोपाठ एक. गावातल्या एका शेतकऱ्यानं शेवटी चिमूटभर खत घेऊन बोटांत चोळलं आणि ‘वांग्याला टाकून बघतो’ म्हणाला. गाडगेबाबा हातात झाडू घेऊन आधी गाव झाडायचे आणि कीर्तन मग करायचे. त्या क्रमात किती शहाणपण आहे, हे त्या दिवशी दिसलं.

त्याच सुमारास गावोगाव ‘गुड मॉर्निंग पथकं’ फिरत होती. पहाटे रस्त्याकडेला बसलेल्यांना उठवायचं, फुलं द्यायची, फोटो काढायचे, दंड करायचा. मुलांनीही पथकात यावं अशी सूचना आली. त्या रात्री शिबिरात मोठा वाद झाला. काही मुलांना ते जोरकस वाटत होतं. मुलींनी साफ नकार दिला. ज्या बाईच्या घरी संडास नाही, तिला टॉर्चच्या उजेडात उभं करून काय मिळवायचं? सर मुलींच्या बाजूनं उभे राहिले आणि ते योग्यच झालं. लाज वाटायला लावून बांधलेल्या संडासात माणसं सरपण ठेवतात, हे पुढं ठिकठिकाणी दिसलं. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान 2000-01 साली आर. आर. पाटलांनी सुरू केलं, तेव्हा गावागावांत चुरस लावली होती, बक्षिसं ठेवली होती. गावानं आपणहून हातात खराटा घ्यावा ही त्यामागची धारणा होती. पहाटेच्या टॉर्चमध्ये ती धारणा कुठं दिसत नाही.

2018 च्या एप्रिलमध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचं मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं. 60 लाखांवर संडास बांधले गेले होते. आकडा मोठा होता आणि त्यामागची मेहनतही खरी होती. त्या मोजणीचा पाया मात्र 2012 चं सर्वेक्षण. त्यात ज्या घरांची नोंद नव्हती, ती हिशोबाबाहेर राहिली. लगेच त्या उन्हाळ्यात केंद्र सरकारनं महाविद्यालयीन मुलांसाठी स्वच्छ भारत उन्हाळी आंतरवासिता जाहीर केली. गावात शंभर तास काम करायचं. हंगाम आटोपून माणसं परतली होती. मुलं वह्या घेऊन घरोघर फिरली.

रकाने होते ते असे: संडास आहे का, वापरात आहे का, पाण्याची सोय आहे का. धारूरच्या त्या मुलीनं स्वतःच्या घरचाही अर्ज भरला. संडास आहे, वापरात आहे, पाणी आहे. आई चुलीपाशी बसून ऐकत होती. म्हणाली, “इथला संडास चांगलाय गं. पन मी इथं ऱ्हाते किती? सा महिने तर फडावर.”

मुलीनं ते वाक्य अर्जाच्या मागं लिहून आणलं. सरांनी ते सगळ्यांसमोर वाचलं. दोन वर्षं ही मुलं घरं मोजत होती. घराला संडास मिळाला, पण वर्षातले सहा महिने ज्या बाईसाठी तो बांधला ती दोन-तीनशे किलोमीटर दूर उघड्यावर बसत होती. सरकारी भाषेत गाव हागणदारीमुक्त होतं. त्या गावची माणसं नव्हती.

पुढच्या हंगामात काही मुलं-मुली सरांबरोबर एका कारखान्याच्या परिसरात जाऊन आली. गाडी सेंटरवरच्या, म्हणजे बैलगाडीनं ऊस वाहणाऱ्या टोळ्यांच्या तळावरच्या, कोप्या एका माळावर ओळीनं उभ्या होत्या. बांबूच्या कामट्या, वर ताडपत्री नाहीतर पाचट. आत वाकूनच जायचं. शेजारी बैल बांधलेले. माळावर पाण्याचा एक हौद, त्यातूनच जनावरांचं आणि माणसांचं. न्हाणीला साडीचा आडोसा. संडास नाहीच. बायका पहाटे तीनला उठतात, भाकरी थापतात, उजाडायच्या आत फडात पोचतात. त्याआधी उसाच्या आडोशाला जाऊन यायचं, ट्रॅक्टरचे दिवे नाहीत अशी वेळ बघून. दिवसभर मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन वाहनापर्यंत न्यायच्या. पाळी आली तरी कापड बदलायला जागा नाही, धुवायला पाणी नाही. म्हणून पाणी कमी प्यायचं. मग लघवीची जळजळ, अंगावरून जाणं, कंबर धरणं. दवाखान्यात गेलं तर खाडा. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो.

या साखळीचं शेवटचं टोक 2019 मध्ये सगळ्या देशानं वाचलं. तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांत 4,605 बायकांची गर्भाशयं काढली गेल्याचं त्या जूनमध्ये विधिमंडळात सांगण्यात आलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. नंतरच्या सर्वेक्षणात 82,309 ऊसतोड महिलांची विचारपूस झाली आणि त्यांतल्या 13,861 जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यामागं नफेखोरी होती, कर्करोगाची भीती घालणं होतं, खाड्याचा धाक होता. आणि मुळाशी आडोसा आणि पाणी नसल्यानं पुन्हा पुन्हा होणारे जंतुसंसर्गही होते. संडासाचा विषय ‘स्वच्छते’च्या खात्यात टाकून मोकळं होणाऱ्यांनी हे आकडे एकदा शांतपणे वाचावेत. हा बाईच्या शरीराचा प्रश्न आहे.

मुलांच्या कामाची दिशा इथून बदलली. आता पाठिंबा मागायचा तो कारखान्याच्या दारात. तिथं पहिलं उत्तर मिळालं की मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे. मुकादम म्हणाला, जागा कारखान्याची, मी काय बांधणार? ग्रामपंचायत म्हणाली, ही माणसं आमच्या यादीत नाहीत. तिन्ही उत्तरं कागदावर बरोबर होती आणि म्हणूनच तीस-चाळीस वर्षं माळावर काही उभं राहिलं नव्हतं.

सरांनी मुलांना भांडायला लावलं नाही, हिशोबच पुन्हा मांडायला लावला. बाई आजारी पडली की कोयता मोडतो, कोयता मोडला की ऊस कमी पडतो. हे मुकादमाला पटकन समजलं. गाडी सेंटरचा तळ अख्खा हंगाम एका जागी असतो, तेव्हा तिथं खड्डे घेऊन वर पत्र्याच्या खोल्या उभ्या करणं अवघड नव्हतं. कारखान्यानं जेसीबी आणि पाण्याचा वेगळा हौद दिला, पत्रे मुलांच्या निधीतून आले आणि खोल्यांची जागा बायकांनी ठरवली. पुरुषांनी आधी रस्त्याकडेची जागा दाखवली होती. बायकांनी ती नाकारली. कोप्यांच्या मागं, पण कोप्यांतला दिवा दिसेल इतक्या जवळ, असं त्यांचं म्हणणं. आत खुंटी हवी, झाकणाचा डबा हवा आणि कडी आतून हवी. कुठल्याही नकाशात या तीन गोष्टी नव्हत्या.

डोकी सेंटरचं, म्हणजे फिरत्या टोळ्यांचं, काम अजून जमलेलं नाही. त्या टोळ्या ऊस संपला की दुसऱ्या शिवारात जातात, कधी आठ दिवसांत, कधी त्याआधीच. शिवाय खड्डा घ्यायला शेतकऱ्याची परवानगी लागते. मुलांनी लोखंडी पाइपचा घडीचा सांगाडा करून पाहिला. तो जड झाला, ट्रॉलीत भांडीकुंडी आणि लेकरं चढल्यावर त्याला जागा उरेना. आता बांबू आणि जाड ताडपत्रीचा आडोसा, खाली हलवता येईल अशा पाटावर बसवलेलं भांडं आणि उथळ खड्डा, अशी रचना चालू आहे. मातीनं खड्डा बुजवून निघायचं. वाऱ्यात ताडपत्री फडफडते आणि बायकांना ते चालत नाही, म्हणून खालच्या कडेला वाळूच्या पिशव्या शिवल्या आहेत.

धारूरच्या मुलीचं शिक्षण संपलं. ती आता शिक्षिका होण्याच्या तयारीत आहे, पण भाद्रपदात ती गावी येते, कारण तेव्हाच मुकादम उचलीचे व्यवहार ठरवतात. नव्या तुकडीच्या मुलांना घेऊन ती बैठकीत जाते. तोंडी ठरलेल्या गोष्टींत दोन ओळी लिहून घ्यायचा तिचा आग्रह असतो: तळावर बायकांसाठी किती आडोसे आणि किती कोयत्यांमागं पाण्याचा एक ड्रम. काही मुकादम सही करतात, काही हसून उठून जातात. सह्या झालेल्या कागदांच्या प्रती मुलं त्या-त्या कारखान्याच्या शेती विभागाला पाठवतात. सोबत गावाचं नाव, टोळीत किती कोयते, त्यांत किती बायका आणि कोण गरोदर आहे याची यादी असते. यंदा त्या यादीत एक रकाना वाढला आहे: मागच्या हंगामात तळावर संडास होता का, आणि त्याला आतून कडी होती का.